असेसमेंट झालीय, रिपोर्ट यायचाय: मधल्या दिवसांत काय करायचं

आधीच सांगून टाकते, आमच्या बाबूचा रिपोर्ट ऑटिझम असाच आला, लेव्हल 2, म्हणजे तीन पायऱ्यांतली मधली. हे शेवटासाठी राखून ठेवलं असतं तर तुम्ही तेवढ्यासाठी भराभर खाली गेला असता, मला माहितीय, कारण मी पण तेच करायचे, रात्री दोन वाजता दुसऱ्यांच्या पोरांचं "शेवटी काय निघालं" शोधत बसायचे. तर ते झालं, आता निवांत वाचा.

असेसमेंटची शेवटची सिटिंग झाली आणि रिपोर्ट हातात पडला, ह्यामध्ये आमचे 24 दिवस गेले. बाबू तेव्हा दोन वर्षं दहा महिन्यांचा. आम्ही ठाण्यात कासारवडवलीला राहतो, मी नौपाड्यात एका पतपेढीत कामाला, नवऱ्याची महापेला शिफ्ट ड्युटी, सासूबाई आमच्यासोबतच. त्या 24 दिवसांत मी चार कामाच्या गोष्टी केल्या आणि चाळीस बिनकामाच्या. खाली दोन्ही लिहितेय, ज्यांची पहिलीच वेळ आहे त्यांच्यासाठी.

1. आधी तारीख पक्की करून घ्या

"रिपोर्ट कधी मिळेल हो?" असं विचारलं की "होईल पुढच्या आठवड्यात" एवढंच उत्तर येतं. आम्हाला तीनदा आलं. त्यापेक्षा नीट विचारा: कुठल्या तारखेला, फोन तुम्ही करणार की आम्ही, आणि लेखी रिपोर्टला वेळ लागणार असेल तर त्याआधी तोंडी सांगायला दहा मिनिटं द्याल का. तोंडी वेळ बरेच जण देतात, पण मागावी लागते, आपणहून कोणी देत नाही. तारीख मिळाली की ती लिहून ठेवायची आणि त्याच्या आधी फोन करायचा नाही. मी काउंटरवर कस्टमरचं पासबुक हातात धरून एका डोळ्याने मोबाईल बघत असायचे, एकदा एका आजोबांची एन्ट्री दुसऱ्याच खात्याला मारली, मग साहेबांनी बाजूला घेऊन "काय चाललंय तुमचं" विचारलं तेव्हा तिथेच रडले. नंतर नवऱ्याने ठरवून टाकलं की सेंटरशी बोलायचं ते त्यानेच. दोघांपैकी जो कमी घाबरट आहे त्याच्याकडे हे काम द्या.

2. कोणत्या टेस्ट केल्या त्यांची नावं लिहून घ्या, पण घरी त्या सोडवत बसू नका

हे जरा सविस्तर सांगते, कारण माझी सगळ्यात जास्त झोप ह्याच्यात गेली.

ऑटिझम रक्ताच्या टेस्टमध्ये किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. डॉक्टर कधी ईईजी किंवा जेनेटिक टेस्ट सांगतात ते दुसरं काही आहे का बघायला, फिट येते का वगैरे. निदान होतं ते मुलाला बघून आणि आईवडिलांना विचारून. एम-चॅट नावाची 20 प्रश्नांची प्रश्नावली असते, 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी, पण ती फक्त गाळणी आहे. त्यात स्कोअर जास्त आला म्हणजे ऑटिझम आहेच असं नसतं, पुढे नीट तपासा एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे जास्त करून वापरतात ती आयएसएए, म्हणजे ऑटिझमसाठीची भारतीय स्केल. त्यात 40 मुद्दे असतात, प्रत्येकाला 1 ते 5 मार्क, म्हणजे एकूण 40 ते 200. 70 च्या खाली ऑटिझम नाही, 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्याच्या वर तीव्र. काही ठिकाणी कार्स करतात, 15 मुद्द्यांची. काही मोठ्या सेंटरला एडॉस, त्यात मुलाला ठरावीक खेळ खेळायला देऊन बघतात. सोबत वाइनलँडसारखी एखादी स्केल असते, मूल स्वतःचं स्वतः किती करतं ते बघायची.

तर झालं काय, मला आयएसएएचा फॉर्म मोबाईलवर सापडला. मी एका रात्रीत तो तीनदा भरला. पहिल्यांदा 94 आले. मग वाटलं आपण बरं बरं लिहितोय, परत भरला, 118. मग रडून झालं, पाणी प्यायले, बाबूचा झोपलेला चेहरा बघून आले आणि तिसऱ्यांदा भरला तर 71. मूल तेच, रात्र तीच, मधे दोन तासपण गेले नव्हते! त्या आकड्यांत बाबूबद्दल काहीच नव्हतं, माझा मूड तेवढा दिसत होता. ही स्केल मार्क द्यायला शिकलेल्या माणसाने शंभर मुलं बघितलेली असतात, आपण एकच बघतो आणि तेही आपलंच. नावं लिहून घ्यायची ती पुढे सेकंड ओपिनियन घ्यायचं झालं तर लागतात म्हणून.

3. कानाची टेस्ट झाली नसेल तर ह्याच दिवसांत उरका

हाक मारली तर बघत नाही, बोलत नाही, ह्यामागे ऐकू कमी येणं पण असू शकतं, त्यामुळे चांगले डॉक्टर बेरा टेस्ट सांगतातच. रिपोर्ट अडकायचं एक कारण पण हेच असतं, की कानाचा कागद आलेला नसतो आणि आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं.

बेराला मूल झोपलेलं लागतं. डोक्याला वायरी चिकटवतात, कानात आवाज सोडतात, दुखत काही नाही. पण झोपवणं म्हणजे काय ते आम्हाला विचारा. सेंटरने सांगितलं रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, वाटेत झोपू देऊ नका. कासारवडवलीहून नौपाड्याला रिक्षाने निघालो, मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रोडला रिक्षा डुलतडुलत चाललेली, म्हणजे पाळणाच तो. मानपाड्यापर्यंत सासूबाईंनी टाळ्या वाजवून जागं ठेवलं, मी तोंडावर पाणी लावतेय, रिक्षावाले काका पण बिचारे हॉर्न वाजवतायत आणि कापूरबावडीला साहेब गाढ झोपले. तीन हात नाक्याला उठले, एकदम फ्रेश. मग दुपारपर्यंत त्या सेंटरमध्ये जागेच. टेस्ट रद्द, परत पुढची तारीख.

दुसऱ्या वेळी आम्ही आदल्या रात्रीच नौपाड्यात माझ्या मावशीकडे राहायला गेलो, सेंटर तिथून चालत दहा मिनिटांवर. त्याची रोजची गोधडी नेली, वाटी-चमच्यातला वरणभात तिथेच भरवला आणि झोपला. लांब राहत असाल तर प्रवास आदल्या दिवशी संपवा, बाकी सगळं नंतर. काही ठिकाणी झोपेचं औषध देतात, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, घरून काही पाजून नेऊ नका. सरकारीमध्ये करायची असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, कान आणि वाचा हाच त्यांचा विषय, फक्त दिवस जातो त्या तयारीने जा.

4. फाइल बनवा (इथे सासूबाई कामाला आल्या)

जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, लसीचं कार्ड, कानाचा रिपोर्ट, आधी दाखवलेल्या डॉक्टरांचे कागद. आणि तीस-तीस सेकंदांचे व्हिडिओ: जेवताना, एकटा खेळताना, दुसरी मुलं असताना, काहीतरी हवं असतं तेव्हा कसं मागतो, आवडीची गोष्ट काढून घेतली की काय करतो. मुद्दाम काही करून घेऊ नका, चालू आहे ते घ्या. बाबू सेंटरमध्ये हात फडफडवायचा नाही, घरी वॉशिंग मशीन फिरायला लागलं की फडफडवायचा, ते व्हिडिओशिवाय त्यांना कळलंच नसतं.

आता सगळ्यात अवघड, तारखा. असेसमेंटवाल्या मॅडमनी विचारलं पहिला शब्द कधी, चालला कधी, बोललेले शब्द बंद झाले का, कधी झाले. मी गप्प. आठवेचना, आणि आठवत नाही म्हणून अजून अपराधी वाटलं. घरी आल्यावर सासूबाई आत गेल्या आणि कपाटाखालून गेल्या तीन वर्षांची कालनिर्णयं काढून आणली. आमच्याकडे गॅस कधी लावला, दूधवाल्याने कधी खाडा केला, सगळं त्या चौकटीत लिहिलेलं असतं. तिथेच मधे मधे, "सिलिंडर"च्या खाली, बारीक अक्षरात: "बाबू उभा राहिला". "बाबू चार पावलं". एका रविवारी "बाबू पापा म्हणाला". मग पुढच्या दिवाळीच्या पानावर फक्त पेन्सिलने "पापा म्हणत नाही 8 दिवस". त्यांनी हे तेव्हा कोणालाच सांगितलं नव्हतं. इतके दिवस मला वाटत होतं की त्या "ह्याचे बाबा पण उशिराच बोलले होते" म्हणून सगळं झटकून टाकतायत. त्या पानांचे फोटो आम्ही सेंटरला पाठवले आणि शब्द येऊन गेले हा मुद्दा रिपोर्टमध्ये तारखेसकट आला.

तुमच्या घरी कालनिर्णय नसेल तर मोबाईलची गॅलरी उघडा, वाढदिवस, गणपती, दिवाळी असे टप्पे पकडून जुने व्हिडिओ बघा. हे रात्री एकट्याने करू नका, दिवसा करा, कोणीतरी बाजूला असताना.

5. मुलाची परीक्षा घेणं थांबवा

मी दिवसातून किती वेळा "बाबू" म्हणायचे देव जाणे. स्वयंपाकघरातून, पाठीमागून, हळू, मोठ्याने, बघतो का, आता बघतो का. बघितलं की दहा मिनिटं बरं वाटायचं, नाही बघितलं की पोटात गोळा. आठवड्याभरात तो आधी जेवढा बघायचा तेवढा पण बघेनासा झाला. थेरपिस्टने नंतर सांगितलं ते डोक्यात बसलं, की नावाने हाक मारली आणि पुढे काहीच घडलं नाही तर मुलासाठी ते नाव म्हणजे पंख्याचा आवाज होतो. म्हणून नाव घेतलं की काहीतरी मिळालं पाहिजे, खाऊ, गुदगुल्या, खिडकीतून बस दाखवणं, काहीही. आणि नुसतं तपासायला नाव घ्यायचं नाही. हे घरात सगळ्यांना सांगा, आल्यागेल्या पाहुण्यांना पण, कारण सगळेच "बघू मला ओळखतो का" करतात.

6. रिपोर्टची वाट न बघता थेरपीच्या लायनीत उभं राहा

हे मला कोणी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. स्पीच थेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी सुरू करायला निदानाचं नाव लागत नाही. मूल बोलत नाहीये, एवढं पुरतं. उद्या रिपोर्टमध्ये ऑटिझम नाही, नुसता स्पीच डिले आला, तरी ती थेरपी लागणारच आहे, फुकट काही जात नाही. आणि बऱ्याच ठिकाणी वेटिंग असतं, तर नाव आजच घालून ठेवा.

कोणाकडे जाताय ते तपासा. स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर ह्यांची आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, त्याचा सीआरआर नंबर असतो, सरळ मागा. ओटीवाल्यांची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीवाल्यांची नोंदणी वेगळी, महाराष्ट्राच्या ओटी-पीटी कौन्सिलकडे. मी एका ठिकाणी नंबर मागितला तर "मॅडम आमच्याकडे इतकी मुलं येतात, कोणी विचारलं नाही" असं उत्तर मिळालं. आम्ही चपला घातल्या.

आपल्या बाजूला सरकारी पर्याय आहेत. नवी मुंबई महापालिकेचं वाशीला ईटीसी केंद्र आहे, दिव्यांगांसाठीच. खारघरला एनआयईपीआयडी ह्या केंद्र सरकारच्या, बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, वर सांगितलेली आयएसएए स्केल ह्याच संस्थेने बनवलेली, 2009 मध्ये आली, तेव्हा तिचं नाव एनआयएमएच होतं. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने पनवेल गाडी पकडली की वाशी नाही पण खारघर सरळ, वाशीची गाडी वेगळी. सरकारी नाही, पण लोअर परळला उम्मीद ही संस्था आहे, 2001 पासून ह्याच कामात. आणि सिव्हिल हॉस्पिटलला बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे आरबीएसकेचं डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासायचं जिल्ह्याचं केंद्र) कुठे बसतं ते विचारा, 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ती योजना आहे. अंगणवाडीताईंना पण त्याची माहिती असते.

7. लोकांसाठी एक वाक्य तयार ठेवा

आमचं वाक्य: "तपासणी चालू आहे, कळलं की सांगू." बस्स. जाऊबाई असो, सोसायटीतल्या काकू असो, तेच. ह्याच्यापुढे एक शब्द बोललात की सल्ले सुरू: मोबाईलमुळे होतं, नजर काढा, घरात बोलायला कोणी नाही म्हणून, प्लेग्रुपला टाका आपोआप बोलेल. नजर सासूबाईंनी काढली, मीठमोहरीने, मी काढू दिली, त्याने कोणाचं काय बिघडतं. मोबाईलचं मात्र डोक्यात राहतं. स्क्रीन कमी करा, ती सगळ्याच लहान मुलांची कमीच हवी. पण "व्हर्च्युअल ऑटिझम" हा शब्द जो फिरतोय ते अधिकृत निदान नाही, आणि जेवताना गाणी लावली म्हणून मुलाला ऑटिझम झाला असं नसतं. लसीने होतो ही पण अफवाच. 1998 मध्ये लॅन्सेट ह्या मेडिकल जर्नलमध्ये एक पेपर आला होता त्यावरून सगळं सुरू झालं, 2010 मध्ये लॅन्सेटनेच तो मागे घेतला. तेव्हा राहिलेले डोस असतील तर घेऊन टाका.

8. "शंभर टक्के बरा करतो"वाल्यांपासून लांब

वाट बघणारे आईबाप म्हणजे ह्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. स्टेम सेल ही ऑटिझमसाठी मान्य ट्रीटमेंट नाही, आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या गाइडलाइन्समध्ये मान्य आजारांच्या यादीत ऑटिझमचं नाव नाही. शरीरातले "विषारी धातू" काढणाऱ्या चिलेशनने तर जीवाला धोका होऊ शकतो. रिपोर्ट यायच्या आत कोणालाही ॲडव्हान्स द्यायचा नाही, हा आमच्याकडे नियमच केला, कारण मी एकदा क्यूआर स्कॅन करेपर्यंत पोचले होते.

9. तुमच्या डोक्याचं काय

काळजी करू नका असलं काही मी सांगणार नाही, ती होतेच. मला उपयोग झाला तो एका वहीचा. दिवसभर जे प्रश्न येतील ते लिहायचे आणि रात्री साडेनऊ ते दहा, नवऱ्याची शिफ्ट असेल तर फोनवर, त्या वहीवरच बोलायचं. दहानंतर विषय बंद. पहिले चार दिवस जमलं नाही, नंतर जमायला लागलं. प्रश्नांची विभागणी पण आपोआप झाली, कारण लिहिल्यावर दिसतं की अर्धे प्रश्न डॉक्टरांचे आहेत आणि अर्धे "शाळेत घेतील का, लग्न होईल का, आमच्यानंतर कोण" असले. पावणेतीन वर्षांच्या पोराच्या लग्नाची काळजी! पण येते, काय करणार.

गरोदरपणात लोकलने उभी जायचे म्हणून झालं का, सहा महिन्यांनी कामावर परत गेले म्हणून झालं का, हे पण त्या वहीत होतं. ते मी असेसमेंटवाल्या मॅडमना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या ह्यातल्या एकानेही होत नाही, पेनाने रेघ मारा. मी खरंच मारली.

रोज झोप उडत असेल, जेवण जात नसेल, मुलाजवळ जायलाच भीती वाटत असेल तर टेली मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी ऑफिसच्या जिन्यात बसून केला होता.

10. रिपोर्टच्या दिवशी

दोघांनी जा, मूल घरी ठेवा, नाहीतर एकजण त्याच्यामागे पळतो आणि एकटा सगळं ऐकतो. त्या दिवशी पूर्ण सुट्टी घ्या, मी हाफ डे टाकला होता आणि परत काउंटरवर जाऊन बसले, तो मूर्खपणा होता. विचारायचं एवढंच: कोणत्या टेस्टवरून हे ठरलं, लेव्हल म्हणजे आमच्या मुलाच्या बाबतीत रोजच्या आयुष्यात काय, येत्या तीन महिन्यांत नेमकं काय करायचं, परत कधी बघणार. लेव्हल 1, 2, 3 म्हणजे आत्ता किती मदत लागतेय त्याचा अंदाज, ती पुढे बदलू शकते. रिपोर्टवर सही कोणाची, नोंदणी नंबर आहे का, मुलाचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाप्रमाणे आहे का, हे तिथेच बघा. आमच्याकडे आडनावात चूक होती, पुन्हा खेटा पडला.

कधी कधी उत्तर "आत्ता सांगता येत नाही, सहा महिन्यांनी परत बघू" असं पण येतं. ते सगळ्यात छळणारं. पण मग पण थेरपी चालूच ठेवायची, आणि सहा महिन्यांची तारीख त्याच दिवशी घेऊन यायची.

11. नंतरचं, थोडक्यात

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या 21 प्रकारच्या दिव्यांगता आहेत त्यात ऑटिझम आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी हॉस्पिटलला तपासणीला बोलावतात. 40 टक्के किंवा जास्त आलं तर सवलती लागू होतात. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, 1 लाखापर्यंत. हे सगळं पहिल्याच आठवड्यात झालं पाहिजे असं नाही, आम्ही दोन महिन्यांनी केलं.

फक्त फोटोचं सांगते. पासपोर्ट फोटोच्या दुकानात बाबू स्टुलावर बसेना, फ्लॅशला घाबरला, दुकानदाराने दोनदा प्रयत्न करून हात जोडले. मग घरी बेडरूमच्या दाराला पांढरी चादर लावली, सासूबाई मोबाईलच्या मागे उभ्या राहून वाटी वाजवत होत्या, सव्वीस फोटो काढले, त्यातल्या एकात तो समोर बघतोय, जरा वैतागून. तोच अपलोड केला, साइझ कमी करून. चालला.